रदबदली

प्रतिमा उजागरे परदेशात, पिस्कॅटवे गावच्या एका ख्रिश्चन शाळेत एकोणीस वर्षं धर्मशिक्षण शिकवत होत्या. शाळा लहान, चर्चच्या मागच्या इमारतीत भरणारी. एकेका वर्गात पंधरा-सोळा मुलं. त्या लागल्या तेव्हा बहुतेक मुलं गोरी असायची. आता निम्मी घाना, नायजेरिया, केनियाहून आलेल्या घरांतली होती, काही कोरियन, काही आपली. आपल्यांत हिंदू घरांतलीही होती, कारण इथं गणित चांगलं शिकवतात आणि मुलं वाया जात नाहीत, असं महाराष्ट्र मंडळात बोललं जायचं. हे बोलणाऱ्यांत प्रतिमाताईही होत्या. आठवीतल्या रुचाला त्यांच्याच सांगण्यावरून तिच्या आईवडिलांनी या शाळेत घातलं होतं.

प्रतिमाताई मूळच्या नगरच्या. आजोबा चर्चचे पाळक, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आजोबांच्या पिढीनं नव्या धर्मात येताना जुनं बरंच काही मागं टाकलं होतं, आणि टाकलेलं परत उचलायचं नाही अशी घरात शिस्त होती. करंज्या व्हायच्या, पण नाताळला. एकदा प्रतिमाताईंच्या आईनं शेजारणीबरोबर संक्रांतीचं हळदीकुंकू घेतलं, तर आजोबा चार दिवस तिच्याशी बोलले नव्हते. त्या शिस्तीतच वाढल्यामुळे प्रतिमाताईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. धर्म शिकवायचा तर त्यात दुसरं काही मिसळायचं नाही.

त्यामुळे आजोआ बोआतेंग या नव्या शिक्षिकेनं ऑगस्टमध्ये त्यांच्या टेबलावर एक फाइल आणून ठेवली, तेव्हा ती वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

आजोआ चाळिशीची, घानातल्या कुमासी शहरातून आलेली, सातवी-आठवीला धर्मशिक्षण घेणारी. तिनं दोन-दोन आठवड्यांचे आठ पाठ बसवले होते. पाहुण्याचं स्वागत कसं करावं, वडीलधाऱ्यांपुढं कसं बोलावं, खोटं बोललेलं कसं निस्तरावं, भांडण कसं मिटवावं, याबद्दल तिच्या अकान लोकांच्या चालीरीती एका बाजूला आणि येशूची शिकवण दुसऱ्या बाजूला. शाळेतल्या अर्ध्या मुलांच्या घरी आजीआजोबा हे सगळं पाळतात आणि मुलं त्यांची थट्टा करतात, असं तिनं सुरुवातीलाच लिहिलं होतं.

"आजोआ, यात येशू कुठं आहे?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"प्रत्येक पानावर आहे," आजोआ शांतपणे म्हणाली. "तुम्हाला आधी आमची माणसं दिसतात, म्हणून तो दिसत नाही."

प्रतिमाताई विषयाच्या प्रमुख होत्या. त्यांनी फाइल परत केली. सप्टेंबरमध्ये आजोआनं ती सुधारून पुन्हा आणली, त्यांनी पुन्हा परत केली. तिसऱ्यांदा ती सरळ प्रिन्सिपॉलकडे गेली आणि त्यांनी जानेवारीपासून प्रयोग म्हणून परवानगी देऊन टाकली. प्रतिमाताईंनी विरोध थांबवला, पण मनातून त्या दुखावल्या होत्या. दोन पालकांची तक्रारीची इमेल आली तेव्हा त्यांना थोडं बरंही वाटलं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी रुचाची आई, आश्लेषा, तिला लवकर न्यायला आली होती. दातांच्या तारा घट्ट करून घ्यायच्या होत्या. पार्किंगमध्ये प्रतिमाताई भेटल्या. "अपॉइंटमेंट नेमकी धर्मशिक्षणाच्या तासाला मिळाली हो ताई," आश्लेषा म्हणाली, "चालेल ना?"

"चालेल गं, सध्या त्या तासाला शिकवण्यासारखं काही नसतंच. आफ्रिकेतल्या गमतीजमती चालल्यात," प्रतिमाताई हसून म्हणाल्या.

रुचा गाडीत बसली होती. खिडकी उघडी होती.

*

मार्चमध्ये आजोआनं आपल्या आईला वर्गात आणलं. नाना सेरवा. अकान लोकांत आजीलाही नाना म्हणतात, हे ऐकून रुचाला आधी हसूच आलं होतं, कारण तिच्या ओळखीचे नाना म्हणजे नागपूरचे एक टकले काका. या नाना पंच्याहत्तरीच्या, उंच, अंगावर निळ्या-पिवळ्या नक्षीचं कापड गुंडाळलेल्या. मुलीकडे येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. इंग्रजी जेमतेम. त्या आपल्या ट्वी भाषेत बोलत होत्या आणि आजोआ मुलांना इंग्रजीत सांगत होती.

भांडण कसं मिटवावं हा त्या दिवशीचा पाठ होता. बोलता बोलता नानांची कवळी सैल होऊन टकटक वाजायला लागली. मग त्यांना कशाची तरी आठवण येऊन रडू आलं. कापडाच्या टोकानं डोळे पुसायचे, कवळी अंगठ्यानं वर ढकलायची आणि पुन्हा बोलायचं, असं चाललं होतं.

रुचानं बाकाखाली फोन धरून ते सगळं टिपलं. घरी जाऊन आवाज काढून टाकला, त्याजागी एक उडतं संगीत घातलं, कवळी टकटकते तिथं बदकाचा आवाज लावला आणि पाच मैत्रिणींना पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या शाळेनं पाहिला होता. रविवारी घानाच्या लोकांच्या चर्चमध्ये एका मुलानं तो आपल्या आईला दाखवला, आणि चहाच्या वेळी कुणीतरी नानांसमोरच फोन धरला. त्यांना वाटलं, वर्गातलं कौतुकाचं काहीतरी असेल. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण पाहिला.

त्या दिवसापासून त्यांनी चर्चला जाणं बंद केलं. कवळी काढून डबीत ठेवली आणि घरातही कमी बोलायला लागल्या.

प्रिन्सिपॉलनी रुचाला तीन दिवस घरी बसवलं आणि माफीचं पत्र लिहायला सांगितलं. आश्लेषा एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होती, तिनं त्याच संध्याकाळी इमेलचा मसुदा तयार ठेवला. पण आजोआनं प्रिन्सिपॉलच्या खोलीत सगळ्यांसमोर सांगितलं, "पत्र नको. माझ्या आईला इंग्रजी वाचता येत नाही. आणि आमच्यात अशी माफी कागदावर मागत नाहीत, एकट्यानंही मागत नाहीत. ज्याच्या हातून चूक झाली तो एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला धरतो. ते माणूस त्याला घेऊन येतं, त्याच्या वतीनं बोलतं, आणि पुढं तो नीट वागेल याची जबाबदारी घेतं. तसं कुणी आलं तर माझी आई दार उघडेल."

आश्लेषा बाहेर आल्यावर प्रतिमाताईंना म्हणाली, "एवढं काय यार ताई? तेरा वर्षांची आहे ती. चूक केली, मान्य. शिक्षा झाली. आता हे आणखी काय नाटक?"

 त्या संध्याकाळी प्रतिमाताई रुचाच्या घरी गेल्या. मुलीला चार शब्द सुनवावेत असं त्यांच्या मनात होतं.

रुचा आपल्या खोलीत पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. प्रतिमाताई खुर्ची ओढून बसल्या. "रुचा, एका म्हाताऱ्या बाईच्या रडण्यावर तू बदकाचा आवाज लावलास. तुला हे सुचलं तरी कसं? घरात आजी आहे ना तुझ्या?"

"आय नो," रुचा म्हणाली. मग मान वर न करता म्हणाली, "पण मावशी, तूच आईला म्हणाली होतीस ना. पार्किंगमध्ये. की ते सगळं गमतीजमती आहे. आय थॉट, म्हणजे, नोबडी टेक्स इट सिरियसली. तूपण नाही."

 आपण काय बोललो होतो हे प्रतिमाताईंना आठवत होतं. कसं हसलो होतो तेही आठवत होतं.

"मी तुझ्यावर ब्लेम नाही टाकत आहे," रुचा घाईघाईनं म्हणाली आणि रडायला लागली. "मला त्यांना भेटायचंय. बट आय कान्ट गो अलोन. आईला नाही यायचं. तू येशील? तू मोठी आहेस."

*

शनिवारी दुपारी दोघी जवळच्या सॉमरसेटला आजोआच्या घरी गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. नाना खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या, गाल आत गेलेले. आजोआनं दोघींना समोर बसवलं, काही न विचारता दोन पेल्यांत पाणी आणून दिलं. त्या पाणी पिऊन पेले खाली ठेवेपर्यंत कुणी बोललं नाही. मग नानांनी ट्वीत काही विचारलं.

"आई विचारते आहे," आजोआ म्हणाली, "इथं सगळं ठीक आहे. तुम्ही कोणत्या कामासाठी आलात?"

प्रतिमाताईंनी बोलायची तयारी करून ठेवली होती. एकोणीस वर्षं वर्गापुढं उभं राहिलेल्या बाईला बोलणं जड जायचं कारण नव्हतं. रुचा वाईट मुलगी नाही, तिचं वय अडनिडं आहे, तिला पश्चात्ताप झालाय, क्षमा करणं ही प्रभूचीच शिकवण आहे, असं सगळं त्या नीट बोलल्या. आजोआ वाक्यावाक्यानं आईला सांगत गेली. बोलताना तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

आजोआ थांबली. तिला ते सांगणं अवघड वाटत असावं. "आई म्हणते आहे, दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याचं स्वतःचं मन स्वच्छ लागतं. तुमच्या मनात आईबद्दल किंवा माझ्याबद्दल काही आहे का?"

काही नाही, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. रुचा शेजारी बसली होती आणि तिनं मान वर करून प्रतिमाताईंकडे पाहिलंही नाही. ती नुसती वाट पाहत होती.

"आहे," प्रतिमाताई म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "आजोआ, तुझे पाठ मी दोनदा परत केले. ते मंजूर झाल्यावर मी या मुलीच्या आईला हसत सांगितलं, की त्या तासाला शिकवण्यासारखं काही नसतं. हिनं ते ऐकलं होतं. व्हिडिओ हिनं केला, पण या तासाची थट्टा करायला हरकत नाही हे ती माझ्याकडून शिकली."

आजोआनं हे लगेच आईला सांगितलं नाही. ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ चालू झाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं ती परत आली आणि उभ्या उभ्या आईला ट्वीत सगळं सांगितलं.

नानांनी मान हलवली. त्यांचं उत्तर लांबलचक होतं, आजोआनं ते थोडक्यात सांगितलं. "आई म्हणते, मग तुम्हालाही कुणीतरी लागेल. ज्याचा आपल्याशीच तंटा आहे त्याला मध्यस्थ म्हणून कसं मानायचं? तुम्हा दोघींसाठी बोलेल असं माणूस घेऊन या. दार उघडं आहे."

गाडीत बसल्यावर रुचा म्हणाली, "तिनं नाही म्हटलं?"

"परत या म्हणाली."

"बट हू विल कम फॉर यू, मावशी? तू इतकी मोठी आहेस."

प्रतिमाताईंनी गाडी सुरू केली. अठ्ठावन्न वर्षांच्या वयात आपल्यासाठी शब्द टाकेल असं वडीलधारं माणूस या देशात कोण आहे, हाच प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांच्या चर्चचे पाळक त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी नवऱ्याला, शशिकांतना, सगळं सांगितलं. शशिकांत मितभाषी माणूस. वाटीतलं वरण संपवून ते म्हणाले, "तुझे बाबा चर्चमध्ये मृदंग घेऊन भजनाला बसायचे, आठवतं? चर्चच्या पंचमंडळींनी त्यांना दोनदा नोटीस दिली होती. हे इथं शोभत नाही म्हणून."

"आठवतं. आजोबांनीच द्यायला लावली होती."

"आणि बाबा काय म्हणाले होते?"

"म्हणाले, माझ्या हातांना हेच वाजवता येतं, देवाला चालत असेल तर तुम्हीही चालवून घ्या." हे सांगताना प्रतिमाताईंचा घास हातातच राहिला. शशिकांतनी विषय पुढं वाढवला नाही, ताट उचलून ते आत गेले.

*

माणूस सापडलं ते रुचाच्याच घरात. तिची आजी, सुहासिनीबाई, वडिलांची आई, जानेवारीत नागपूरहून सहा महिन्यांसाठी आली होती. घरात काय चाललंय हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. रुचाला तीन दिवस शाळेला सुट्टी होती इतकंच तिला माहीत होतं. शेवटी रुचानंच तिला सगळं सांगितलं, तुटक मराठीत आणि रडत रडत, आणि व्हिडिओही दाखवला.

सुहासिनीबाईंनी तो एकदाच पाहिला. मग नातीला एका शब्दानंही न बोलता बाहेर येऊन सुनेला विचारलं, "जायचं कधी आहे?"

"आई, तुम्ही नका मध्ये पडू," आश्लेषा म्हणाली. "आणि तिथं तुम्हाला इंग्लिश कुठं बोलता येणार आहे?"

"त्या बाईलाही येत नाही म्हणता ना? मग काय अडचण आहे?"

प्रतिमाताई समोरच बसल्या होत्या. सुहासिनीबाई त्यांच्याकडे वळल्या. "तुझ्यासाठीही बोलायचं आहे म्हणे."

"हो काकू. पण तुम्हाला चालेल का? मी काही तुमच्या नात्यातली नाही. आणि माझा धर्मही..."

"तू मला तीन महिने झाले काकू म्हणते आहेस," सुहासिनीबाई म्हणाल्या. "ते काय उगीच?"

पुढच्या शनिवारी चौघी गेल्या. आश्लेषा गाडी चालवायला म्हणून आली होती आणि खालीच थांबणार होती. पण पार्किंगमध्ये पाच मिनिटं बसून तीही जिना चढून वर आली.

पुन्हा पाणी आलं. पुन्हा तोच प्रश्न, कोणत्या कामासाठी आलात? या वेळी आजोआ इंग्रजीतून प्रतिमाताईंना सांगणार, प्रतिमाताई मराठीतून सुहासिनीबाईंना, आणि उत्तर त्याच वाटेनं परत जाणार, असं ठरलं होतं.

सुहासिनीबाई बसल्या जागेवरून उठल्या. "बाई, मी या मुलीची आजी. हिच्या हातून तुमचा अपमान झाला. ही प्रतिमा शिकलेली, शहाणी आहे, तिच्याही हातून झाला. दोघी माझ्या आहेत. मी काही शिकलेली नाही, मला गोड बोलता येत नाही. दोघींना पदरात घ्या."

असं म्हणून त्यांनी साडीचा पदर दोन्ही हातांत धरला आणि नानांसमोर पसरला.

प्रतिमाताई भाषांतर करायला लागल्या आणि अडल्या. पदर म्हणजे साडीचं टोक, इथपर्यंत इंग्रजीत सांगता येत होतं, पुढचं सांगता येईना. त्या शब्द शोधत असतानाच नाना खुर्चीचे हात धरून उठल्या. त्यांनी आजोआकडे पाहिलंसुद्धा नाही. पसरलेल्या पदराच्या दोन्ही कडा त्यांनी आपल्या हातांनी मिटून सुहासिनीबाईंच्या हातात परत दिल्या, आणि त्यांना धरून आपल्या शेजारी बसवलं.

मग त्यांनी रुचाला पुढं बोलावलं. "त्या दिवशी मी काय सांगत होते, तुला माहीत आहे?" आजोआच्या तोंडून प्रश्न आला.

"नो," रुचा म्हणाली. "आय म्यूटेड इट. वर्गातपण मी ऐकत नव्हते."

"मग आता ऐक."

नानांनी डबीतून कवळी काढून बसवली आणि सांगायला लागल्या. त्यांची धाकटी बहीण होती. आई वारली तेव्हा प्रेताला कोणतं कापड गुंडाळायचं यावरून दोघींत बोलाचाली झाली. बहीण चारचौघांत म्हणाली, तुला आईसाठी रडूसुद्धा आलं नाही. नानांनी तिला उलट इतकं लागेल असं काही म्हटलं, की ते त्या आजही उच्चारत नाहीत. अकरा वर्षं दोघी एकाच गावात राहून बोलल्या नाहीत. बहिणीनं एकदा मामाला मध्ये घालून पाठवलं. नानांनी दार उघडलं नाही. दोन वर्षांनी मामा पुन्हा आला. या वेळी नानांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि रविवारी बहिणीला घेऊन ये म्हणाल्या. बहीण शुक्रवारी गेली.

"म्हणून मी कुणाला पहिल्या वेळेलाही दार बंद करत नाही," नाना म्हणाल्या. "फार तर परत या म्हणते."

 सुहासिनीबाईंना हे सगळं प्रतिमाताईंकडून, दोन भाषांतून गाळून मिळत होतं, त्यामुळे त्यांचे डोळे सगळ्यांच्या नंतर भरून आले. आश्लेषा दाराजवळ उभी होती. ती पुढं आली आणि रुचाच्या मागं जाऊन बसली.

नानांनी दोन गोष्टी सांगितल्या. व्हिडिओ ज्या ज्या मुलांनी पाहिला त्यांना रुचानं ही बहिणीची गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगायची, कागदावर वाचून नाही. आणि प्रतिमाताईंनी उरलेले तीन आठवडे आजोआच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं. तपासायला नाही, ऐकायला. दोघी कबूल झाल्या. सुहासिनीबाईंनी दोघींच्या वतीनं शब्द दिला.

निघताना रुचा नानांच्या पाया पडायला वाकली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नानांना ते काय आहे ते कळलं नाही, त्यांना वाटलं मुलीचं काही खाली पडलंय. त्यांनी वाकून खाली पाहिलं आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. आजोआ त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदाच हसली.

*

सोमवारी रुचा वर्गापुढं उभी राहिली. दुसऱ्या वर्गांतली मुलंही आणून बसवली होती. तिनं गोष्ट सुरू केली, मधेच विसरली, आणि मामा पहिल्यांदा आला होता की दुसऱ्यांदा यात गोंधळ झाला. मागून एक मुलगा हळूच बदकाचा आवाज काढून हसला. रुचा थांबली. तिचा चेहरा लाल झाला. पण ती पळाली नाही, त्या मुलाचं हसणं संपेपर्यंत थांबली, आणि शेवटपर्यंत सांगून मगच खाली बसली. घानाच्या घरातली एक मुलगी तास संपल्यावर तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "माझी आजीपण आधी पाणीच देते." एवढंच बोलून ती गेली.

प्रतिमाताई तीन आठवडे मागच्या बाकावर बसल्या. पहिल्या दिवशी त्यांना अवघडल्यासारखं झालं. दुसऱ्या आठवड्यात खोटं बोललेलं निस्तरण्याचा पाठ होता आणि आजोआ फार सुंदर शिकवते हे त्यांना कबूल करावं लागलं. आधी भावाशी समेट कर आणि मग देवाच्या दारात ये, ही येशूची शिकवण त्यांनी स्वतः शेकडो वेळा शिकवली होती. पण समेटासाठी नेमकं जायचं कसं, बरोबर कुणाला न्यायचं, दारात गेल्यावर पहिलं काय बोलायचं, हे आपण एकाही मुलाला कधी सांगितलं नाही, असं त्या बाकावर बसून त्यांच्या लक्षात आलं.

मे महिन्यात प्रिन्सिपॉलनी त्यांना विचारलं, प्रयोग पुढं चालू ठेवायचा का? एका घरानं याच कारणावरून मुलाचं नाव काढून घेतलं होतं. प्रतिमाताई म्हणाल्या, "ठेवायचा. आणि विषयाची प्रमुख म्हणून तशी शिफारस मी लिहून देते. मी आधी विरोध केला होता आणि त्यात माझी चूक होती, हेही त्यात लिहिते."

त्या पत्राची प्रत त्यांनी आजोआला नेऊन दिली. तिनं ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. "थँक यू," ती म्हणाली. "आईनं तुम्हाला माफ केलंय. मला अजून थोडा वेळ लागेल. खोटं कशाला सांगू?"

"लागू दे," प्रतिमाताई म्हणाल्या.

जूनमध्ये शाळा संपल्यावर दोघी रिकाम्या वर्गात पुढच्या वर्षीचे पाठ नीट करायला बसल्या. सात पाठांवर फारसा वाद झाला नाही. आठव्यात आजोआनं पूर्वजांच्या नावानं जमिनीवर पाणी ओतण्याची चाल घातली होती. गेलेल्या माणसांची आठवण ठेवावी हे मुलांना सांगायला यासारखं दुसरं काही नाही, असं तिचं म्हणणं होतं. प्रतिमाताईंना ते पटेना. गेलेल्यांची आठवण आणि गेलेल्यांची पूजा यातला फरक आठवीच्या मुलांना कळणार नाही, असं त्या म्हणत होत्या, आणि या वेळी त्या हे आजोआच्या तोंडावर म्हणत होत्या. तासभर वाद झाला. दोघींचे आवाजही चढले. शेवटी आजोआनं तो पाठ बाजूला काढून ठेवला.

"हा उद्या बघू," ती म्हणाली. "उद्या आईलाही घेऊन येते. तिला विचारा."

"आण," प्रतिमाताई म्हणाल्या. "पण मी सहज ऐकणार नाही हं."

"तीही ऐकत नाही," आजोआ म्हणाली, आणि खिडक्या लावायला उठली.